जड विमान आणि तोकडी धावपट्टी: टेकऑफच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून प्रवासी विमानं नियमित उडायला लागली, तसे नाशिक, निफाड, दिंडोरीकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. विचारणाऱ्यांत वैमानिकाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत, माल विमानाने पाठवायची स्वप्नं पाहणारे बागायतदार आहेत आणि बॅग मागे राहिली म्हणून चिडलेले प्रवासीही आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टेकऑफचा हिशेब म्हणजे नेमकं काय काढतात?

आज, या धावपट्टीवरून, या हवेत, हे विमान जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडू शकतं, हे काढतात. वजनाला मर्यादा घालणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत: धावपट्टीची लांबी, एक इंजिन बंद पडल्यावर उरणारी चढण्याची क्षमता, समोरचे डोंगर आणि मनोरे, टायरची वेगमर्यादा, ब्रेकची उष्णता सोसण्याची ताकद, विमानाच्या सांगाड्याची मजबुती. प्रत्येकीचा वेगळा आकडा निघतो आणि त्यातला सगळ्यांत लहान आकडा त्या दिवसाचा कायदा ठरतो. वजन ठरलं की त्यावरून वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे बाहेर काढता येणारे पट्टे) आणि इंजिनाचा जोर ठरतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. हा हिशेब सुरळीत टेकऑफचा नसतो. सगळ्यांत अडचणीच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तर काय होईल, त्याचा असतो. सुरळीत टेकऑफसाठीही वेगळी अट आहे: सगळी इंजिनं चालू असताना जेवढं अंतर लागतं त्यावर १५ टक्के जास्त धरायचं. जड विमानाच्या बाबतीत मात्र बहुधा इंजिन बिघाडाचा आकडाच वजन अडवतो.

२. तोकडी धावपट्टी म्हणजे किती मीटरची? ओझरची तोकडी की लांब?

नुसत्या मीटरवरून ते ठरत नाही. ओझरची धावपट्टी सुमारे ३००० मीटरची आहे. २३ टनांच्या एटीआर-७२ विमानाला त्यातली अर्धीही लागत नाही. ७९ टनांच्या ए-३२० ला ती ऐसपैस आहे. पण ३५१ टनांचं पूर्ण भरलेलं बोइंग ७७७-३०० ईआर उभं केलं, तर समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानातसुद्धा त्याला साधारण ३ किलोमीटर लागतात. मे महिन्यातल्या दुपारी त्याच विमानासाठी तीच धावपट्टी तोकडी ठरते. धावपट्टी तोकडी आहे का, हा प्रश्न नेहमी विमान, वजन आणि हवा या तिघांना जोडूनच विचारायचा.

३. व्ही-१, व्ही-आर आणि व्ही-२ हे काय प्रकरण आहे?

हे तीन वेग प्रत्येक टेकऑफच्या आधी काढावे लागतात.

व्ही-१ हा निर्णयाचा वेग. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं, त्यानंतर बिघडलं तर उडायचं. इथे मुलं हमखास एक घोळ घालतात. व्ही-१ ला विचार सुरू करायचा नसतो. थांबायचं असेल तर थांबण्याची पहिली कृती व्ही-१ येईपर्यंत झालेली असली पाहिजे.

व्ही-आर ला नाक उचलायला सुरुवात करतात. व्ही-२ हा एक इंजिन बंद असताना चढण्यासाठीचा सुरक्षित वेग आणि तो धावपट्टीपासून ३५ फूट उंची गाठेपर्यंत मिळालेला असावा लागतो.

कॉकपिटमध्ये ‘व्ही-वन’ असा पुकारा झाला की वैमानिक थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. थांबायचा मोह हातातूनच काढून टाकण्यासाठी ही पद्धत घालून दिलेली आहे.

४. समोर धावपट्टी दिसत असताना व्ही-१ नंतर थांबायचं का नाही?

कारण दिसणारी धावपट्टी थांबायला पुरत नाही, आणि पुरली तरी ब्रेक पुरतील याची खात्री नसते.

२४० टनांचं विमान १५० नॉट वेगाने, म्हणजे तासाला सुमारे २७८ किलोमीटरने, धावतंय असं धरा. त्याची गतिज ऊर्जा भरते सुमारे ७१५ मेगाज्यूल. विजेच्या भाषेत साधारण २०० युनिट, एखाद्या मध्यम घराचं महिन्याचं बिल. ही सगळी ऊर्जा अर्ध्या मिनिटात मुख्यतः चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरवायची असते. ब्रेक लालभडक होतात आणि चाकातले वितळणारे प्लग टायरची हवा सोडून देतात, नाहीतर टायर फुटायचे. विमानाला प्रमाणपत्र देतानाची चाचणी झिजलेल्या ब्रेकवर घेतात. थांबल्यावर पाच मिनिटं अग्निशमन दलाने हात लावायचा नाही, आणि तेवढ्यात आगीने विमान किंवा आतली माणसं धोक्यात येता कामा नयेत.

वेग दहा टक्क्यांनी वाढला तर ही ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. म्हणून व्ही-१ नंतरचे दोन-तीन सेकंद फार महाग पडतात. त्याउलट एका इंजिनावर उडून जाण्याचा हिशेब आधीच केलेला असतो आणि विमान ते करू शकतं, हे कागदावर सिद्ध असतं. विमान उडूच शकणार नाही अशी खात्री पटण्याइतका बिघाड असेल, तेवढाच अपवाद.

५. ‘बॅलन्स्ड फील्ड’ म्हणजे काय?

व्ही-१ कमी ठेवला तर थांबायला कमी अंतर लागतं, पण एका इंजिनावर उरलेला वेग गाठायला जास्त लागतं. जास्त ठेवला तर उलट. ज्या व्ही-१ ला ‘थांबण्याचं अंतर’ आणि ‘एका इंजिनावर उडून ३५ फुटांवर पोचण्याचं अंतर’ सारखं होतं, तो बॅलन्स्ड व्ही-१, आणि ते अंतर म्हणजे बॅलन्स्ड फील्ड. एकाच लांबीच्या साध्या धावपट्टीतून जास्तीत जास्त वजन याच ठिकाणी निघतं. स्टॉपवे किंवा क्लिअरवे असेल (पुढचा प्रश्न पाहा) तर तोल मुद्दाम एका बाजूला सरकवून आणखी वजन मिळवता येतं.

६. धावपट्टी एकच, मग कागदपत्रांत तिच्या तीन-तीन लांब्या का दिलेल्या असतात?

टोरा म्हणजे जमिनीवर धावायला उपलब्ध असलेली लांबी. अॅस्डा म्हणजे थांबण्यासाठी उपलब्ध लांबी, म्हणजे टोरा अधिक स्टॉपवे. स्टॉपवे विमानाचं वजन पेलू शकतो, पण रोजच्या वापरासाठी नसतो. टोडा म्हणजे टोरा अधिक क्लिअरवे. क्लिअरवे हा धावपट्टीपुढचा मोकळा, विमानतळाच्या ताब्यातला पट्टा. त्यावर चाक टेकवायचं नसतं, फक्त त्याच्यावरून चढायचं असतं. त्याची लांबी टोराच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाही.

विद्यार्थ्यांकडून इथे सुटणारी बारीक गोष्ट: विमान टॅक्सीवेवरून वळून धावपट्टीच्या रेषेत येईपर्यंत काही मीटर मागेच राहतात. लांबलचक विमानाला हा तोटा जास्त. धावपट्टी आखूड असेल तर तोही वजा करावाच लागतो.

७. उन्हाळ्यात दुपारी विमानाला जास्त धावपट्टी का लागते? नाशिकमध्ये हा फरक खरंच एवढा पडतो?

पडतो, आणि नाशिकमध्ये तो फार स्वच्छ दिसतो, कारण इथे थंडी आणि ऊन दोन्ही टोकाचे.

ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तिथे प्रमाणित वातावरणातला दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल धरतात. जानेवारीतल्या पहाटे १० अंश असताना हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो भरते. निफाडचा पारा तर याहूनही खाली जातो. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना ती १.०५ वर येते. प्रमाणित समुद्रसपाटीला हाच आकडा १.२२५ आहे. म्हणजे मेच्या दुपारी ओझरची हवा समुद्रसपाटीपेक्षा १४ टक्के विरळ, आणि जानेवारीच्या पहाटेपेक्षा जवळपास १० टक्के विरळ. वैमानिकाच्या भाषेत त्या दुपारची घनता-उंची साधारण ५५०० फूट. चाकं ओझरच्या जमिनीवर, पण पंख आणि इंजिनं महाबळेश्वरहूनही उंचावर असल्यासारखी.

याचा फटका तीन बाजूंनी बसतो. एक, विरळ हवेत तेवढाच आधार मिळवायला खरा वेग जास्त लागतो. वेगदर्शक १५० नॉट दाखवतो तेव्हा विमान खरं १६२ नॉटने धावत असतं. म्हणजे मिळवायची आणि थांबायची वेळ आली तर जिरवायची ऊर्जा १७ टक्के जास्त. दोन, इंजिनाचा जोर घटतो. बहुतेक जेट इंजिनं प्रमाणित तापमानापेक्षा सुमारे १५ अंश जास्तपर्यंत पूर्ण जोर देतात. ओझरच्या उंचीला ती रेषा २६ अंशांच्या आसपास येते. त्याच्या पुढच्या प्रत्येक अंशाला आतल्या टर्बाइनच्या तापमानासाठी जोर कमी करावा लागतो. तीन, एका इंजिनावर चढण्याची क्षमता घसरते, आणि बऱ्याचदा लांबीच्या आधी हीच वजन अडवते (प्र. १० पाहा).

टायरचाही विचार करायचा. मोठ्या विमानांच्या अनेक टायरची मर्यादा जमिनीवरच्या खऱ्या वेगात १९५ किंवा २०४ नॉट असते. जड विमान, विरळ हवा आणि पाठीमागून वारा एकत्र आले की ती मर्यादाही जवळ येते.

८. दुपारच्या विमानात माझी बॅग ठेवली नाही. खरंच वजनाचं कारण असतं का?

असू शकतं. ७९ टनांच्या विमानाचं वजन ५ टक्के कमी करायला लागलं तर जवळपास ४ टन जातात. विमानाचं स्वतःचं वजन कमी होत नाही, प्रवासाचं आणि राखीव इंधन काढता येत नाही. त्यामुळे सगळा भार प्रवासी आणि सामानावर पडतो. असं विमान १८-१९ टन माणसं आणि माल नेत असेल, तर त्यातला पाचवा हिस्सा गेला.

पण ओझर-दिल्लीसारख्या छोट्या पल्ल्याला इंधन कमी लागतं, विमान कमाल वजनाच्या बरंच खाली असतं, आणि ३००० मीटरवर असं वजन सहसा अडत नाही. तेव्हा प्रत्येक राहिलेल्या बॅगेचं खापर उन्हावर फोडू नका. काउंटरवर ‘लोड रिस्ट्रिक्शन होतं का’ असा सरळ प्रश्न विचारा. प्रवाशाला तो विचारायचा हक्क आहे.

९. फ्लॅप जास्त काढले की विमान लवकर उठतं. मग प्रश्न काय आहे?

लवकर उठतं, पण नीट चढत नाही. फ्लॅप जास्त म्हणजे कमी वेगात आधार, त्यामुळे धाव आखूड. पण हवेचा अडथळाही वाढतो, आणि एका इंजिनावर चढताना तोच नडतो. तोकडी धावपट्टी आणि समोर मोकळं रान असेल तर जास्त फ्लॅप. लांब धावपट्टी आणि समोर डोंगर असेल तर कमी फ्लॅप, जास्त वेग. लांबी शिल्लक असेल तर व्ही-२ मुद्दाम वाढवून चढण सुधारण्याचीही पद्धत आहे. तोकडी धावपट्टी आणि डोंगर दोन्ही असतील तर वजन उतरवण्याशिवाय फारसं काही हातात राहत नाही.

१०. ओझरच्या आसपास डोंगर आहेत. त्यांचा टेकऑफच्या हिशेबात विचार होतो का?

होतोच. हे उत्तर जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

इंजिन बंद पडल्यावरची चढण टप्प्याटप्प्याने तपासतात. सर्वांत कडक टप्पा दुसरा: चाकं आत, फ्लॅप अजून बाहेर, एक इंजिन बंद. इथे दोन इंजिनांच्या विमानाने किमान २.४ टक्के, तीनच्या २.७ आणि चारच्या ३ टक्के चढण दाखवावी लागते. २.४ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २.४ मीटर वर. अडथळ्यांसाठी तर यातूनही सूट कापतात. दोन इंजिनांच्या विमानासाठी ०.८ टक्के वजा, उरले १.६. आणि त्या उरलेल्या चढणीनेसुद्धा मार्गातला प्रत्येक अडथळा ३५ फूट राखून ओलांडला पाहिजे.

आता नकाशा घ्या. मुघलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा रामशेज ओझरच्या धावपट्टीपासून पश्चिमेला, जवळजवळ तिच्याच रेषेत, साधारण १५ किलोमीटरवर आहे. त्याचा माथा सुमारे १००० मीटर, म्हणजे धावपट्टीपेक्षा ४०० मीटर वर. किमान चढण असलेलं विमान नाकासमोर सरळ जात राहिलं, तर १५ किलोमीटरवर त्याची हिशेबाची उंची भरेल २४० मीटर. रामशेज ओलांडला जाणार नाही. प्रत्यक्षात तर फ्लॅप मिटायला मध्ये सपाट उडावं लागतं, म्हणजे याहूनही कमी.

यातून दोनच वाटा निघतात. वजन कमी करून चढण वाढवायची, किंवा इंजिन बंद पडल्यास डोंगराच्या आधीच वळायचा मार्ग आखून ठेवायचा. विमान कंपन्या प्रत्येक धावपट्टीसाठी असे मार्ग आखतात आणि वैमानिक टेकऑफच्या आधी ते एकमेकांना बोलून दाखवतात. वळणाचीही किंमत असते, कारण कललेलं विमान कमी चढतं. तेही हिशेबात धरतात.

आणि आपल्याकडचा वारा? पावसाळ्यात तो पश्चिमेचा असतो, उन्हाळी दुपारीही बहुधा पश्चिमेकडूनच. समोरून वारा हवा तर तोंड डोंगरांकडे करायचं. निफाडच्या सपाटीकडे तोंड करायचं तर वारा पाठीमागून. रोज कुणीतरी बसून या दोन्ही बाजूंचे आकडे काढतं आणि ज्या बाजूने जास्त वजन निघेल ती निवडतं.

११. चार इंजिनांचं विमान दोनवाल्यापेक्षा सुरक्षित नाही का?

टेकऑफच्या हिशेबात दोघांनाही एकच प्रश्न असतो: एक गेलं तर काय? चारातलं एक गेलं तर पाव जोर जातो, दोनातलं गेलं तर निम्मा. त्यामुळे दोन इंजिनांच्या विमानाला मुळातच जास्त जोर देऊन ठेवावा लागतो. सगळं सुरळीत असताना तेच जास्त झपकन चढतं. चार इंजिनांची विमानं पूर्ण वजनात संथ चढताना दिसतात ती याचमुळे. त्यात धोका आहे असं नाही.

१२. ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्याची सुखोई लढाऊ विमानं याच धावपट्टीवरून क्षणात उठतात. मग प्रवासी विमानाला एवढी धाव का?

सुखोई-३० एमकेआयचं कमाल वजन ३८.८ टन, आणि आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळण्याची सोय) लावल्यावर दोन इंजिनांचा मिळून जोर सुमारे २५ टन. म्हणजे वजनाच्या ६४ टक्के, आणि हलक्या विमानाला त्याहून कितीतरी जास्त. बोइंग ७७७-३०० ईआरचा जोर वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास. शिवाय लढाऊ वैमानिकाच्या बुडाखाली बाहेर फेकणारी खुर्ची असते. साडेतीनशे प्रवाशांना ती सोय नाही, म्हणून प्रश्न १ मधला इंजिन बिघाडाचा नियम.

१३. वारा हिशेबात कसा धरतात?

समोरून वारा असेल तर त्याचा निम्माच फायदा घ्यायचा, पाठीमागून असेल तर दीडपट तोटा धरायचा. २० नॉट समोरून असेल तर हिशेबात १० च. १० नॉट मागून असेल तर १५. उठण्याचा वेग १५० नॉट असेल तर मागच्या वाऱ्यात हिशेबाचा वेग १६५ होतो आणि नुसत्या ऊर्जेत २१ टक्क्यांची भर पडते. बहुतेक विमानांना मागचा वारा १० किंवा १५ नॉटपलीकडे चालतच नाही.

१४. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर काय बदलतं?

थांबणं अवघड होतं, म्हणून व्ही-१ खाली आणतात. मग एका इंजिनावर धावायचं अंतर वाढतं, म्हणून नियमात ३५ फुटांऐवजी १५ फुटांची सवलत मिळते. कोरड्या धावपट्टीच्या हिशेबात रिव्हर्स थ्रस्टचा, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनाचा जोर उलट्या दिशेने वळवण्याचा, फायदा धरत नाहीत, ओल्या धावपट्टीवर धरता येतो. कोरड्याचं आणि ओल्याचं अशी दोन्ही वजनं काढून लहान ते घ्यायचं.

धावपट्टीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भागावर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं तर ती नुसती ओली राहत नाही, तिचा हिशेब वेगळ्या तक्त्यातून होतो. साचलेलं पाणी वेग घेताना विमानाला मागे ओढतं आणि थांबताना टायर तरंगवतं. टायर किती नॉटला तरंगू लागतील, त्याच्या अंदाजासाठी सूत्र: टायरच्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९. दाब २०० पीएसआय असेल तर १२७ नॉट. त्याच्या वर ब्रेकचा भरवसा नाही.

१५. मग वैमानिक पूर्ण जोर का लावत नाहीत? हे धोक्याचं नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. धोक्याचं नाही.

विमान त्या दिवशीच्या कमाल वजनापेक्षा हलकं असेल तर पूर्ण जोराची गरज नसते. मग असं विचारतात: हेच वजन कमाल ठरेल इतकी हवा किती गरम असावी लागेल? समजा उत्तर आलं ५२ अंश. संगणकाला ५२ सांगायचं, की इंजिन ५२ अंशांना मिळेल तेवढाच जोर देतं. सगळ्या अटी ५२ अंशांच्या हवेसाठी पाळलेल्या असतात. प्रत्यक्ष हवा ३० अंशांचीच, म्हणजे जास्त दाट. खरा वेग कमी, धाव कमी. हातात राखीव उरतंच. या पद्धतीत जोर ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच कमी करता येतो, पाणी साचलेल्या धावपट्टीवर तो कमी करायचाच नाही, आणि गरज पडली तर लिव्हर पुढे ढकलून पूर्ण जोर कधीही घेता येतो. इंजिन कमी तापतं, जास्त टिकतं आणि कमी बिघडतं, हा सुरक्षिततेचाही फायदा.

१६. हिशेब संगणक करतो, मग चूक होतेच कशी?

संगणक दिलेल्या वजनाचा बिनचूक हिशेब करतो. दिलेलं वजनच चुकीचं असेल तर तो तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचे वेग देतो.

२० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्स ४०७ या ए-३४० विमानाच्या हिशेबात ३६२.९ ऐवजी २६२.९ टन भरलं गेलं. एक आकडा, १०० टन. जोरही कमी ठरला आणि वेगही. ३६५७ मीटरची धावपट्टी संपत आली तरी विमान उठेना. शेपूट घासलं, विमान धावपट्टीपलीकडे गेलं, तिथल्या अँटेनाला धडकलं, आणि पूर्ण जोर लावल्यावर कसंबसं चढलं. २७५ माणसं वाचली.

त्याआधी १४ ऑक्टोबर २००४ ला कॅनडात हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग ७४७ वाचलं नाही. आधीच्या उड्डाणाचं वजनच पुढच्या हिशेबात वापरलं गेल्याची शक्यता तपासात नोंदवली गेली. फरक शंभर टनांहून जास्त होता. सातही जण गेले.

दोन्हीकडे धावपट्टी योग्य हिशेबाला पुरत होती. म्हणून आता दोन्ही वैमानिक आपापल्या टॅबलेटवर स्वतंत्र हिशेब करतात, मग आकडे जुळवतात आणि लोडशीटवरच्या (विमानात भरलेल्या वजनाच्या अधिकृत कागदावरच्या) वजनाशी पुन्हा ताडून पाहतात. मी शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो: आपल्या विमानाचे नेहमीचे वेग तोंडपाठ ठेवा. रोज १५५ येणारा व्ही-आर आज १४० का आला, हा प्रश्न पडलाच पाहिजे.

१७. औरंगाबादचा १९९३ चा अपघात तोकड्या धावपट्टीमुळे झाला होता का?

२६ एप्रिल १९९३ ला दुपारी इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं होतं. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला ते धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलण्यावर, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर.

अडथळा म्हटल्यावर लोकांना डोंगर आठवतो. धावपट्टीच्या टोकाशी रस्ता असेल तर त्यावरचा उंच ट्रकही अडथळाच. ऐन एप्रिलच्या दुपारी, भरल्या विमानात नाक उचलायला दोन सेकंद उशीर म्हणजे दीडशे मीटर गेले. हे दीडशे मीटर कुठल्याही तक्त्यात लिहिलेले नसतात. तक्ता वेळेवर आणि योग्य गतीने नाक उचललं असं धरूनच बनवलेला असतो.

१८. अहमदाबादचा २०२५ चा अपघात उन्हामुळे किंवा जास्त वजनामुळे झाला का?

जुलै २०२५ मध्ये आलेल्या प्राथमिक अहवालात तसं दिसत नाही. १२ जून २०२५ च्या त्या उड्डाणाचं वजन परवानगीच्या मर्यादेत होतं, धावपट्टी ३५०५ मीटरची होती, आणि विमान उठल्यानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’ला गेल्याची नोंद आहे. टेकऑफचा हिशेब एक इंजिन बंद पडेल असं धरून केलेला असतो. दोन्ही एकदम बंद पडतील, हे कुठलाच हिशेब धरत नाही. इतकी माणसं गेलेल्या घटनेवर प्राथमिक अहवालाच्या पुढे जाऊन तर्क लढवू नये असं मला वाटतं.

१९. कुंभमेळ्याला ओझरहून जंबो विमानं उडतील का?

टेकऑफच्या बाजूने बोलायचं तर मोठं विमान उडू शकतं, फक्त लांब पल्ल्याचं इंधन आणि पूर्ण भार एकत्र घेऊन नाही. दिल्ली किंवा आखाती देशांपुरतं इंधन घेतलं तर वजन खूप उतरतं. १० टक्के वजन कमी म्हणजे धावेचं अंतर साधारण पाचव्या हिश्श्याने कमी.

मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या दिवसांत हवा थंड, पण धावपट्टी ओली आणि वारा पश्चिमेचा. म्हणजे प्रश्न ७ मागे पडतो, १० आणि १४ पुढे येतात. बाकी काँक्रीटची वजन पेलण्याची क्षमता, टॅक्सीवेची रुंदी, उभं करायला जागा, अग्निशमनाची श्रेणी या गोष्टी वेगळ्या. मोठं विमान बऱ्याचदा त्यांच्यावरच अडतं.

२०. घरी बसून साधारण हिशेब करता येईल का?

अभ्यासापुरता जरूर. हवामान खात्याचं तापमान घ्या. प्रमाणित तापमान काढा: समुद्रसपाटीला १५, दर हजार फुटांना २ अंश कमी, म्हणजे ओझरला ११. फरकाला १२० ने गुणा आणि दाब-उंचीत (हवेच्या दाबावरून काढलेल्या, फुटांतल्या उंचीत) मिळवा, घनता-उंची फुटांत मिळते. एक आठवडा रोज पहाटे सहाची आणि दुपारी तीनची उंची लिहून ठेवा. मग वजनाचा परिणाम पाहा: वजन १० टक्के वाढवलं तर उठण्याच्या वेगाचा वर्ग १० टक्के वाढतो आणि वेग घेण्याचा दर तेवढ्याच पटीने घटतो, म्हणून धाव २१ टक्क्यांनी लांबते. चढ असलेली धावपट्टी घ्या: १ टक्का चढाला वेग घेण्याचा दर सेकंदाला सुमारे ०.१ मीटर प्रति सेकंद कमी होतो, जड विमानात तो मुळात दोनच्या आत असतो.

खऱ्या उड्डाणासाठी मात्र त्या विमानाच्या मान्यताप्राप्त पुस्तिकेतले किंवा कंपनीच्या प्रणालीतले आकडेच वापरायचे. परीक्षेतही दिलेल्या तक्त्यावरून रेघ मारताना दोन ओळींच्या मधलं तापमान आलं, तर जास्त तापमानाची ओळ धरा.